दांडा बसवण्याआधी

वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात, नवव्या सर्गात, सीता रामाला एका तपस्व्याची गोष्ट सांगते. एका पवित्र वनात तो तप करत होता. हरणं-पाखरं त्याच्या आसपास निर्धास्त वावरत. त्याचं तप मोडावं म्हणून इंद्र योद्ध्याच्या वेशात आला आणि आपली तलवार ठेव म्हणून आश्रमात ठेवून गेला. ठेव म्हटल्यावर सांभाळणं आलं. तपस्वी कंदमुळं आणायला निघाला तरी तलवार बरोबर घेऊन निघू लागला. होता होता त्याच्या मनात क्रौर्य मुरलं, तप सुटलं आणि शेवटी तो नरकात गेला. त्याने अमक्याला मारलं, तमक्याला तोडलं, असं वाल्मीकी कुठे सांगत नाहीत. शस्त्राचा सहवास, एवढंच कारण सीता देते.

हे ती का सांगते तेही पाहायला हवं. राम दंडकारण्यात शिरतो आहे. ऋषींना राक्षसांपासून राखण्याचा शब्द त्याने दिला आहे. सीता म्हणते, खोटं तुझ्या तोंडून निघणार नाही, परस्त्रीचा मोह तुला होणार नाही; भीती आहे ती वैर नसताना होणाऱ्या हिंसेची. धनुष्य हातात आहे आणि समोर वनचर आहेत, मग बाण सुटायला कितीसं कारण लागतं? पुढच्या सर्गात राम उत्तर देतो की कोणाचा आर्त टाहो उठू नये यासाठीच क्षत्रिय धनुष्य धरतो, आणि दिलेला शब्द मी मोडणार नाही. परंपरेने रामाचं उत्तर उचलून धरलं. मला सीतेचा प्रश्न जास्त खोल वाटतो, कारण त्या तपस्व्याने गुन्हा असा काही केलाच नव्हता. तो प्रामाणिक होता, दुसऱ्याची वस्तू जिवापाड जपत होता. त्या जपण्यानेच त्याचा घात केला.

हा प्रश्न माझ्या पडवीत आला तो एका खोक्यातून. पुतण्या हिंजवडीला नोकरी करतो. हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यात मोडतं, पण तिथून माझ्या गावी, कोळवणला येताना पौड मागे टाकून खोऱ्यात शिरलं की दोन्ही एकाच तालुक्यात आहेत यावर विश्वास बसत नाही. त्याने घरबसल्या एक टॉमाहॉक मागवला होता आणि तो सुट्टीत माझ्याकडे घेऊन आला. टॉमाहॉक म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची हातकुऱ्हाड. पातं लहान, दांडा लांबट, एका हाताने चालवायची. मी दापोडीच्या एस.टी. कार्यशाळेत फिटर होतो. निवृत्त झाल्यापासून गावी भात करतो. कानस, पान्हे, निसणा, सगळं अजून पेटीत जागच्या जागी आहे, हे त्याला माहीत होतं.

"नाना, हे तुम्ही मस्त करून द्या," तो म्हणाला. मस्त म्हणजे कसं, ते त्याने मोबाइलवर दाखवलं. पातं आरशासारखं चकचकीत, दांड्यावर डाग देऊन काढलेली कवटी, मुठीला चामड्याची दोरी.

"आणि ही घेऊन करणार काय?" मी विचारलं.

"भिंतीला लावीन. ट्रेकला नेईन कधीतरी."

त्याचं मन वाईट नाही. तरुण पोरांना हातात धरायला काहीतरी हवं असतं; दिवसभर कळफलकावर बोटं चालवल्यावर तर हवंच. आणि दुकानातली वस्तू आणून आपल्या हाताने आपलीशी करणं ही काही आजची हौस नाही. या टॉमाहॉकचाच इतिहास तसा आहे. लोखंडी पाती युरोपातले व्यापारी आणत आणि कातड्यांच्या बदल्यात देत. ती घेणारे लोक त्यांना आपले दांडे बसवत, पितळी खिळ्यांनी आणि कोरीव कामाने सजवत. काहींना एका अंगाला धार आणि दुसऱ्या अंगाला चिलमीचं तोंड असे, दांडा आतून पोकळ. लढाई आणि सलोख्याचा धूर, दोन्ही एकाच वस्तूत. तिकडच्या पाच जमातींनी आपापसातली वैरं मिटवून संघ केला, तेव्हा त्यांनी आपली शस्त्रं एका उंच पाइन वृक्षाच्या मुळांखाली टाकली, अशी त्यांची परंपरा सांगते. हे मी पुतण्यालाही सांगितलं. कवटीपेक्षा ते झाड कोरण्यासारखं आहे, असं मी म्हणालो. तो गप्प बसला.

काम मात्र मी घेतलं.

कारखान्यातून आलेल्या पात्यावर काळा रंग होता आणि दांड्यावर जाड चकाकी. आधी दांडा काढला. आपल्या कुऱ्हाडीचा दांडा खालून घालतात आणि वर पाचर ठोकतात. टॉमाहॉकचं नेढं वर रुंद आणि खाली निमुळतं असतं, दांडा वरून ओवायचा. आपल्या कुदळीची रीत. वापरताना पातं आपल्याच जोराने दांड्यावर घट्ट होत जातं, आणि काढायचं तर उलट्या बाजूने लाकडाच्या ठोकळ्यावर दोन ठोके पुरे होतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून सांगून ठेवतो.

रंग तारेच्या ब्रशने आणि काचपेपरने उतरवला. मग धारेवर कानस टेकवून पाहिली. कानस नुसती घसरली तर पोलाद कडक, चावली तर मऊ. इथे ती जेमतेम चावत होती, म्हणजे पाणी बरं दिलेलं होतं. धारेमागची जाडी मात्र फार होती. अशी कुऱ्हाड लाकडात शिरत नाही, आपटून परत येते. पुतण्याला ग्राइंडर लावायची घाई होती. मी लावू दिला नाही. ग्राइंडरखाली धार तापते. आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तांबूस, मग निळा. निळा दिसला तेव्हा पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलेलं असतं आणि दिलेलं पाणी तेवढ्या जागेपुरतं उतरलेलं असतं. कानशीने वेळ लागतो, पण पोलाद थंड राहतं आणि माणूसही. दोन्ही गाल सारखे उतरवले, मग निसण्यावर पाणी टाकून धार काढली. आरशासारखी चकाकी मी फक्त धारेच्या पट्टीवर आणली, कारण तिथे ती कामाची असते. गुळगुळीत धार लाकडात कमी अडते. बाकीच्या अंगावर चकाकीचा काही उपयोग नाही, उलट बोटांचे ठसे लागून तिथेच गंज धरतो.

बाकीच्या अंगासाठी हिरडा वापरला. आमच्या सह्याद्रीत हिरड्याला तोटा नाही. हिरडे कुटून उकळले, काढा गाळला आणि कोमट असताना स्वच्छ घासलेल्या लोखंडावर फडक्याने फिरवला. लोखंड बघता बघता करडं होतं, मग जांभळट, आणि दोन-तीन हात दिले की शाईसारखं निळं-काळं. हिरड्यातला तुरटपणा लोखंडाशी संयोग पावतो आणि तोच थर पुढचा गंज अडवतो. जुन्या काळी पोथ्यांची शाई याच मेळातून होत असे. पुतण्या हे पाहताना कवटी विसरून गेला, हे मी मुद्दाम नोंदवतो. पुण्याच्या तांबट आळीतल्या भांड्यांवरचे मठाराचे ठोकेही असेच. दिसायला सुंदर, पण ते ठोके तांब्याला कडकपणा आणण्यासाठी पडलेले असतात. सौंदर्य कामातून आलं की ते माणसाला फुगवत नाही.

दांडा धामणीचा केला. माझ्याकडे चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळलेले दोन-चार तुकडे असतात. धामण चिवट, वाकते पण मोडत नाही, हाताला झटका कमी देते. धावडा आणि तिवसही चालतात, पण हातकुऱ्हाडीला धामणच. रेषा पात्याच्या दिशेने उभ्या धावतील असा तुकडा निवडला. आडव्या रेषांचा दांडा एखाद्या दिवशी दगा देतो. नेढ्यात बसवताना कार्यशाळेतली रीत वापरली. बेअरिंग बसवताना आम्ही निळा रंग लावून, कुठे लागतं ते पाहून, तेवढंच खरवडायचो. इथे नेढ्याला आतून काजळ लावलं, दांडा ओवला, हलकेच ठोकून काढला. जिथे काळं उमटलं तिथला लाकडाचा पापुद्रा काचेच्या तुकड्याने खरवडला. पुन्हा ओवला, पुन्हा काढला. हळूहळू काळे ठिपके पसरत जातात आणि शेवटी सगळीकडे सारखा काळा थर उमटतो. मग जवसाचं तेल, पातळ हात, पुसून, वाळवून, पुन्हा. (तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावीत.)

सगळं तयार झालं. पडवीत एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला दांडा. फक्त ओवायचं बाकी होतं. आणि तिथे मी थांबलो.

थांबलो, कारण पौडचे एक जैन शेठ आठवले. आमची ओळख जुनी. त्यांच्याकडे बसलं की धंद्याच्या गोष्टी कमी आणि धर्माच्या जास्त होतात. त्यांनी मला कधीतरी तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातली एक मांडणी समजावली होती. कर्माचा आस्रव, म्हणजे कर्म आत झिरपणं, कशाच्या आधाराने होतं? काही जीवाच्या आधाराने आणि काही निर्जीव वस्तूंच्या आधाराने. निर्जीव वस्तूंचे चार प्रकार तिथे मांडले आहेत. वस्तू बनवणं, वस्तू ठेवणं, वस्तू एकमेकींना जोडणं आणि तिला चालना देणं. मी फिटर माणूस. आयुष्यभर बनवलं, ठेवलं, जोडलं, चालू केलं. ही चारही कामं कोणी धर्माच्या तराजूत घातलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेठ पुढे म्हणाले होते की श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, अनर्थदंड व्रताला जे अतिचार, म्हणजे दोष, सांगितले आहेत त्यांत एक असा आहे की हिंसेची साधनं जोडून तयार ठेवणं. उखळात मुसळ, नांगराला फाळ, धनुष्याला बाण. जोडलेलं दिसलं की कोणीही उचलतो आणि चालवतो. सुटं असलं तर निदान जोडताना तरी विचार करावा लागतो.

जैन आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात हिंसेची साधनं दुसऱ्याला देण्याचा दोष सांगताना जी यादी येते, ती परशूपासून सुरू होते. तलवार, खनित्र, अग्नी ही त्याच्यानंतर. मी तर परशू तयार करून पुतण्याला देणारच होतो.

आपल्याकडे म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांडा लाकडाचा आणि तोडतोही लाकूडच, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी. मला ही म्हण दांड्यावर अन्याय करणारी वाटते. धामणीचा तुकडा माळ्यावर पडून होता, त्याने कोणाचं काय वाकडं केलं होतं? पातं एकटं पडून होतं, तेही निरुपद्रवी. दोघांना ज्याने जोडलं, त्याला म्हणीत जागाच नाही. जैन विचाराने नेमकं त्या माणसावर बोट ठेवलं आहे, आणि तेही हात उगारण्याच्या फार आधी, पडवीत बसून शांतपणे दांडा ओवत असताना.

आपला कायदा इतक्या आत जात नाही, आणि जाऊही शकणार नाही. १९५९ चा शस्त्र कायदा वस्तू कशासाठी घडवली आहे ते पाहतो. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेली वस्तू शस्त्र धरली जात नाही, लाठी आणि साधी हातकाठी ही उदाहरणं कायद्यातच दिली आहेत. घडवणाऱ्याचा हेतू वस्तूत कायमचा राहतो, असं कायदा गृहीत धरतो. सीतेचा तपस्वी उलट सांगतो. हेतू बदलतो, आणि नुसत्या सहवासाने बदलतो.

पण का बदलतो? इथे मला सीतेच्या गोष्टीत एक पायरी घालावीशी वाटते. त्या तपस्व्याला तलवारीचं काही काम नव्हतं. तो शेतकरी नव्हता, लाकूडतोड्या नव्हता, सैनिकही नव्हता. तलवार त्याच्या हातात होती आणि हाताला तिचं कारण नव्हतं. रिकामं हत्यार माणसाच्या मनात काम शोधत फिरतं. भिंतीवर टांगलेल्या चकचकीत पात्याकडे माणूस दिवसातून चारदा बघतो, कधी उतरवून हातात तोलतो, हवेत एक वार करतो, आणि कोणाच्या तरी चेहऱ्याची आठवण काढून करतो. कामाच्या कुऱ्हाडीचं तसं होत नाही. ती संध्याकाळी घाम आणि चीक लागून परत येते. ती पुसून ठेवताना हात दुखत असतात, कल्पना सुचत नाहीत.

हे मी पुस्तकातून काढलेलं नाही. हे मुळशीने दाखवलेलं आहे. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आला, तो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. जमिनी विकल्या गेल्या, पैसा आला तसा गेला, आणि पोरांच्या हातात कोयता उरला. लोकांनी त्यातली मारामारी लक्षात ठेवली. मला त्यातलं कोयत्याचं दुःख दिसलं. कोयता या खोऱ्यात घरोघरी होता. गवत, करवंदीची जाळी, राबाचा, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठीचा टहाळ, सगळ्याला तोच. शेत होतं तोवर त्याला आषाढ-श्रावणात श्वास घ्यायला फुरसत नसे. शेत गेलं आणि कोयता राहिला. त्याचं पातं तेच, मूठ तीच, घडवणारा लोहारही तोच. फक्त त्याला बांधून ठेवणारं काम विकलं गेलं. नंतर पुण्याच्या वर्तमानपत्रांत कोयता गँगच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या, तेव्हा कोयत्याच्या विक्रीवर लक्ष ठेवावं असं लोक बोलू लागले. जमिनीच्या विक्रीशी त्याचा संबंध फार थोड्यांनी जोडला.

रामाचं उत्तर तरीही राहतंच. टाहो उठला तर? याच तालुक्यात त्याचं उदाहरण आहे. टाटांच्या धरणाखाली मुळशीतली गावं जाणार होती तेव्हा १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी. आरंभी सगळं शांततेचं होतं. लढा हरत आला तेव्हा त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे शस्त्र घेऊन अडवली आणि त्यापायी दीर्घ तुरुंगवास भोगला. त्यांचं ते पाऊल योग्य होतं का, यावर आमच्याकडे आजही दोन मतं आहेत. मी इतकंच पाहतो की पॅरिसहून बाँबची विद्या आणणाऱ्या या माणसाच्या हाताला आयुष्यभर झाडूचंही काम होतं. पारनेरला ते रस्ते झाडत, मुंबईत त्यांनी झाडूवाल्यांची संघटना बांधली. शस्त्र त्यांच्या सहवासात येऊन गेलं, पण तपस्व्याचं झालं तसं त्यांचं झालं नाही. ज्या हाताला दुसरं काम आहे, त्या हातात शस्त्र मुक्कामाला राहत नाही.

आता कोणी म्हणेल, काम असलं की सगळं माफ का? नाही. हाच या विचाराचा अवघड भाग आहे. आमच्या खोऱ्यातल्या टेकड्या सपाट करणाऱ्या जेसीबीलाही कामच आहे. सकाळपासून अंधार पडेपर्यंत तो रिकामा नसतो. मग माझ्या म्हणण्याप्रमाणे तो निर्दोष ठरेल. म्हणून नुसतं काम पुरत नाही, कामाला शेवट लागतो. राबासाठी टहाळ तोडायचा तर खाचराच्या दाढेपुरता, म्हणजे रोपांच्या वाफ्यापुरता तोडायचा, ऐनाच्या फांद्या घ्यायच्या आणि शेंडा राखायचा, म्हणजे झाड पुढच्या वर्षी पुन्हा फुटतं. हे जुनी माणसं न सांगता पाळत. जिथे कामालाही शिरकाव नव्हता अशा जागा त्यांनी वेगळ्या काढल्या होत्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा पुण्याच्या पश्चिमेचा हा मावळी पट्टाही त्यांच्या वाटेवर होता. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही. कितीही गरज असो, कितीही रास्त कारण असो. मला वाटतं, देवराई झाडांइतकीच माणसाच्या हातासाठी राखलेली असते. काम थांबतं कुठे, हे हाताला कळावं म्हणून.

भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातला निमित्तमात्र होण्याचा उपदेश माझ्या या म्हणण्याच्या आड येतो, असं मला अनेकदा ऐकवलं गेलं. गीता आमच्या गावाला परकी नाही. कोळवणलाच चिन्मय मिशनचं चिन्मय विभूती हे केंद्र आहे, आणि स्वामी चिन्मयानंदांनी आपला पहिला ज्ञानयज्ञ पुण्यातच, १९५१ च्या अखेरीस सुरू केला होता. गीता ऐकलेली माणसं इथे भरपूर आहेत, आणि "आपण काय, निमित्त" हे वाक्यही भरपूर ऐकू येतं. जमीन विकणारा निमित्त, विकत घेणारा निमित्त, मधला दलालही निमित्त. पण अर्जुनाला निमित्त व्हायला सांगितलं ते त्याला सगळं दाखवून झाल्यावर. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे कृष्ण त्याला म्हणतो की मी सांगितलं त्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. पान्ह्याला असं कोणी सांगत नाही. कुऱ्हाडीला विचार करून ठरव असं कोणी म्हणत नाही. विचारून, पाहून, मान्य करून जो निमित्त होतो, त्याची जबाबदारी संपत नाही, उलट तिथे सुरू होते. म्हणून गणपतीच्या हातातला परशू दर भाद्रपदात घरी आला तरी आपल्याला त्याची भीती वाटत नाही. तो ज्याच्या हातात आहे तो बुद्धीचा देव आहे.

खंडेनवमीला कार्यशाळेत आम्ही यंत्रांना झेंडूच्या माळा घालायचो, बसगाड्यांना हार, पान्ह्यांना हळद-कुंकू. त्या दिवशी यंत्र बंद ठेवायचं, हा त्या पूजेचा मला भावलेला भाग. वर्षभर जे हातात असतं त्याला एक दिवस हात लावायचा तो फक्त पुसण्यासाठी. जोडलेल्या वस्तू त्या दिवशी सुट्या होऊन पाटावर येतात. त्या पूजेला मी शक्तीची पूजा म्हणत नाही. मला ती हिशेबाची वाटते.

पुतण्याशी मी हे सगळं बोललो. एका बैठकीत नाही, अधूनमधून, तो दांड्याला तेल चोळत असताना. मग मी त्याला अट घातली. पातं इथे माझ्या पेटीत राहील, दांडा तू घेऊन जा. दांडा भिंतीला लाव, काखेत धर, काय हवं ते कर. काम निघेल तेव्हा दांडा घेऊन ये, इथे ओवू, काम करू, संध्याकाळी काढून ठेवू. नेढं वरून रुंद असल्यामुळे हे सहज जमतं. आपल्या पाचरीच्या कुऱ्हाडीला असं करायला गेलं तर दरवेळी पाचर फुटेल. ती पाती घडवणाऱ्यांनी ही रचना अशा हेतूने केली नसणार, पण मला ती उपयोगी पडली.

तो म्हणाला, "नाना, मग ती माझी आहे की तुमची?"

"दोघं एकत्र असू तेव्हा ती कुऱ्हाड आहे," मी म्हणालो. "एरवी तुझ्याकडे काठी आणि माझ्याकडे लोखंड."

त्याने मान्य केलं. कवटीचा विषय पुन्हा निघाला नाही. दांड्याच्या बुडाशी त्याने आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं, ते मी कोरू दिलं. नाव घालणं म्हणजे उद्या काही झालं तर हे माझ्या हातून झालं असं म्हणण्याची तयारी.

पौडच्या शेठना ही व्यवस्था सांगितली तेव्हा त्यांना बरं वाटलं. गृहस्थाच्या पातळीवर इतकं पुरे, असं ते म्हणाले. प्रयोजनाशिवायची हिंसा टाळणं हेच त्या व्रताचं सांगणं. शेती-धंद्यात अटळपणे होणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे त्यांचा धर्मही जाणतो. पण मग त्यांनी विचारलं, "राब भाजताना मातीत किती जीव जळतात, ते कधी पाहिलंत?"

मी पाहिलं आहे. आग ओसरल्यावर ढेकळांत काय काय निपचित पडलेलं असतं, ते लहानपणापासून पाहत आलो. कामाचा शेवट ठरवला, शेंडा राखला, पातं सुटं ठेवलं, तरी हे उरतंच. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एक अर्धवट उत्तर आहे. डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री भातशेती आमच्या भागात काही जण करतात. तीत दाढेसाठी राब भाजायचा नाही, भाताच्या तुसाची राख मातीत मिसळायची, आणि लावणीआधी गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवायचा. यंदा निम्म्या दाढेला मी तसं करणार आहे. बांधावर गिरिपुष्पाच्या काड्या खोचल्या आहेत, त्या धरल्या आहेत.

पुतण्याने हे ऐकून लगेच बरोबर शंका काढली. राब थांबला तर कुऱ्हाडीचं काम कमी होणार, आणि कामाविना हत्याराचं काय होतं ते तुम्हीच सांगितलंत. शंका खरी आहे. गिरिपुष्पाची कोवळी फांदी कोयत्याने कापते, तिला कुऱ्हाड लागत नाही. मग हिला पावसाळ्याच्या सरपणाचं काम द्यायचं ठरलं. वाऱ्याने पडलेल्या फांद्या आणि वाळकी खोडं फोडून मृगाआधी पडवीत रचायची. यंदा लाकूड थोडंच आहे, एका रविवारात उरकेल. तो येताना दांडा घेऊन येणार आहे. तेल पुन्हा एकदा लावावं लागेल का, ते तेव्हा बघू.